मी परस्पर दिलेलं उत्तर

एंडोमेट्रियल कार्सिनोमा. म्हणजे गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा कॅन्सर. डॉक्टरीणबाईंनी हे शब्द सावकाश उच्चारले आणि माझ्याकडे पाहिलं, कारण ते वहिनींना मराठीत सांगायचं काम माझं होतं. मी ‘कॅन्सर’ एवढं म्हटलं आणि उरलेलं घाईघाईने सांगून टाकलं: लवकर सापडलाय, ऑपरेशन करतात, बरा होतो.

वहिनी म्हणजे माझी मोठी जाऊ, वय चौपन्न. थोरल्या दिरांना, म्हणजे दादांना, जर्मनीत रेगेन्सबर्गच्या गाड्यांच्या कारखान्यात नोकरी लागली आणि दीड वर्षापूर्वी त्या कोल्हापूरहून इथे आल्या. जर्मन येत नाही. मला इथे अकरा वर्षं झाली, त्यामुळे दवाखाना असो की परदेशी लोकांचं ऑफिस, दुभाषी मीच. आणि खरं सांगायचं तर मला ते मिरवायलाही आवडायचं.

रक्त कधीपासून जातंय, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं. वहिनी म्हणाल्या, गौरी जेवल्या त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. म्हणजे दोन महिने झाले होते. बाईंनी कागद चाळले. हाउसआर्त्स्टच्या, म्हणजे आमच्या नेहमीच्या डॉक्टरांच्या पत्रात तर रक्तस्राव नाही असं लिहिलंय, त्या म्हणाल्या.

मी जर्मनमध्ये उत्तर दिलं, “तेव्हा त्यांना प्रश्न कळला नसेल.”

वहिनी माझ्या तोंडाकडे विश्वासाने पाहत होत्या. मी त्यांच्यावरच ढकलतेय हे त्यांना कळायचा मार्गच नव्हता.

खरं काय झालं ते आता लिहिते. सप्टेंबरात वहिनींना फार थकवा यायला लागला, म्हणून आम्ही आमच्या त्या नेहमीच्या वयस्कर डॉक्टरांकडे गेलो. दादाही आत येऊन बसले. झोप, भूक, बीपी, मी एकेक प्रश्न वहिनींना विचारत होते. मग डॉक्टरांनी विचारलं, पाळी बंद झाल्यावर पुन्हा कधी रक्त गेलंय का? हा प्रश्न मराठीत, थोरल्या दिरांच्या देखत विचारायचा? ज्यांच्यासमोर मी अजून पाय पसरून बसत नाही त्यांच्या? मी तो वहिनींपर्यंत नेलाच नाही. परस्पर ‘नाइन’, म्हणजे नाही, म्हणाले. डॉक्टरांनी मान हलवली आणि लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या.

हे उघडकीला आणलं लिननं. ती आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहते, चीनची आहे, इथल्या विद्यापीठात संशोधन करते. विषय असा की बादशाही काळातल्या चीनमध्ये वैद्यकी करणाऱ्या बायका. तळघरात कपडे धुवायच्या खोलीत तिची आणि वहिनींची गट्टी जमली होती. दोघींचं इंग्रजी मोडकंतोडकं, त्यामुळे कुणी कुणाला लाजत नसे.

तिनं एकदा तिथंच वहिनींना सांगितलं, की त्या काळी बड्या घरची बाई आजारी पडली तर वैद्याला नुसतं मनगट दिसायचं, पडद्याबाहेर काढलेलं. विचारायचं ते सासूला नाहीतर नवऱ्याला. पण घरच्याच वडीलधाऱ्यांकडून विद्या शिकलेल्या काही बायका होत्या. त्या रोग्याच्या पलंगावर बसत, पाळी, पडलेलं मूल, मनात धरलेला राग, सगळं विचारत. बऱ्या झालेल्या बायका मग नुसत्या गप्पांनाही त्यांच्याकडे येत राहत.

“व्हॉट दे आस्क?” वहिनींनी विचारलं. लिन प्रश्न सांगत गेली आणि वहिनी एकेकाचं उत्तर देत गेल्या. सिंकमध्ये डाग पडलेला परकर भिजत होता. त्यांची परवानगी घेऊन लिन त्याच संध्याकाळी माझ्या दारात आली. तिनं मला सगळं सांगितलं, त्या पडद्यासकट. पडद्याशेजारी उभी राहून उत्तरं देणारी ती सासू मीच होते.

त्यानंतर सगळं भराभर झालं. आधी अल्ट्रासाउंड. मग हिस्टेरोस्कोपी, म्हणजे बारीक कॅमेऱ्याने गर्भाशय आतून पाहणं, आणि बायोप्सी, म्हणजे तिथला तुकडा काढून तपासणं. अहवालाला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत मी वहिनींकडे रोज जेवण पोचवलं आणि एकदाही दोन मिनिटं बसले नाही. लिन मात्र बसायची.

डिसेंबरच्या सुरुवातीला ऑपरेशन झालं. गर्भाशय आणि अंडाशय काढले. गाठ अस्तरातून शेजारच्या स्नायूत थोडी शिरली होती, त्यामुळे नंतर रेडिएशन, म्हणजे किरणांचे उपचार घ्यावे लागणार होते. दोन महिने आधी आलो असतो तर हे टळलं असतं का, मी बाहेर गाठून विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “ते आता कुणीच सांगू शकणार नाही.” याच वाक्याला धरून मी बसले आहे. ना सुटका, ना शिक्षा.

तिसऱ्या दिवशी वहिनींना उशीला टेकवून बसवलं आणि सगळं सांगून टाकलं. ते ‘नाइन’ही आणि नंतर त्यांच्यावर ढकललं तेही. रडणार नाही असं ठरवलं होतं, पण रडलेच.

वहिनींनी सलाइनची नळी बाजूला सारली. मग म्हणाल्या, “तू विचारलं असतंस तरी ह्यांच्यासमोर मी नाहीच म्हणाले असते.”

मला हायसं वाटायला लागलं, तोच त्या पुढे म्हणाल्या, “पण ते मी म्हणायचं होतं. तू नाही.”



हे वाचणाऱ्यांपैकी कुणी सासूची, जावेची, आईची दुभाषी असेल, तर तिला एवढंच सांगते: घरच्या पुरुषांना बाहेर बसवा. लाज वाटली तर लाजत विचारा, पण विचारा. उत्तर जिचं तिला देऊ द्या.

रेडिएशन संपल्यावर पहिल्या तपासणीला दादा आपणहून बाहेर थांबले. डॉक्टरीणबाईंनी प्रश्न विचारले, मी एकही गाळला नाही. शेवटी त्यांनी विचारलं, आणखी काही सांगायचंय का? वहिनी माझ्याकडे वळल्या.

“त्यांना सांग, मला पहिल्यांदा प्रश्न कळला नव्हता असं नाही. मला तो विचारलाच नव्हता. तसं लिहून घ्या म्हणावं.”

मी ते वाक्य जर्मनमध्ये सांगितलं, जसंच्या तसं. मग त्यांनी न सांगितलेलं एक वाक्य त्याला जोडलं, की विचारायचं काम माझं होतं. डॉक्टरीणबाईंनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि दोन्ही वाक्यं टाइप केली.

“काय म्हणालीस एवढं?” वहिनींनी विचारलं. मी त्यांना मराठीत सांगितलं. त्यांनी माझा हात धरला आणि बाहेर येईपर्यंत सोडला नाही.