मागच्या सीटवर द्रौपदीताई

आमच्या इथल्या, इंग्लंडातल्या बेसिंगस्टोकच्या बौद्ध मंडळाने द्रौपदीताईंवर चार ओळी लिहून मागितल्या आहेत. खरं सांगायचं तर मला त्या फारशा माहीत नव्हत्या. माहेर कुठलं, शिक्षण किती, मी कधी विचारलं नाही. शिवाय मला लिहिण्याची सवय नाही. पण एक दिवस आम्ही एका गाडीत होतो, तेवढं सांगू शकतो.

त्यांचा मुलगा सुहास इथे आयटीत, सून राजश्री नर्स. दर मे महिन्यात सुहास आईला नागपूरहून सहा महिन्यांच्या व्हिसावर आणायचा आणि नोव्हेंबर लागला की परत पाठवायचा. म्हणजे उन्हाळ्याची सुट्टी आणि ऑक्टोबरची हाफ-टर्म, म्हणजे शाळेची आठवड्याची सुट्टी, दोन्ही वेळा नात तनूजवळ घरचं माणूस असायचं. पण त्यापायी ओळीने चार वर्षं ताईंचा दसरा इथेच गेला होता. विजयादशमीला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात, आणि ताईंच्या वस्तीतल्या बायका रस्त्याकडेला मांडव घालून येणाऱ्यांना जेवू घालतात. त्याआधी, लग्न झाल्यापासून ताईंनी ते वाढणं एकदाही चुकवलं नव्हतं.

गेल्या सप्टेंबरात मंडळाची सहल ठरली. न्यू फॉरेस्टमधली प्रचंड झाडं बघायची, मग समुद्र. मला सुहासच्या गाडीत जागा मिळाली होती. आदल्या रविवारी वंदनेनंतर ताईंनी मला गाठलं.

"हरिदासभाऊ, तुमचं ऐकते तो. गाडीत सांगून द्या ना जी, आईचं तिकीट दसऱ्याच्या आधीचं कर म्हणा. मी म्हटलं की हसण्यावारी नेते."

"सांगतो," मी म्हणालो.

राजश्रीची ड्यूटी होती. मी पुढे सुहासशेजारी, ताई मागे तनूच्या सीटला चिकटून, मांडीवर डब्यांची पिशवी. तनूमुळे मागच्या दारांना चाइल्ड लॉक होतं. गाडी थांबली की बाहेरून कोणी दार उघडेपर्यंत ताई हँडलवर हात ठेवून बसून राहायच्या.

विंचेस्टर मागे पडलं तेव्हा माझ्या सीटच्या पाठीवर बोट टकटकलं.

"हवा छान आहे आज," मी सुहासला म्हणालो.

पुन्हा टकटक. मी गाडीच्या मायलेजची चौकशी केली.

झाडं खरोखरच राक्षसी होती. वर बघताना माझी टोपी पडली. ताईंनी सालीत बोट खुपसलं. "काथ्यावानी मऊ आहे हो!" सुहासने पाटी वाचून सांगितलं की हे झाड मूळचं अमेरिकेचं, दीडशेहून जास्त वर्षं झाली लावून.

"म्हणजे हेही बाहेरचंच," ताई म्हणाल्या. "यालेही सुट्टी देत नसन कोणी."

सुहास मनापासून हसला. तनू ओरडली, "आजी, तू किती छोटा दिसते!"

तिथून समुद्राकडे जाताना दोन्ही बाजूंनी झाडं इतकी अंगावर आली होती की भर दुपारी दिवे लावावे लागले. एका वळणावर रस्त्याच्या मधोमध त्या रानात मोकळे फिरणारे घोडे उभे. पुढे गाड्या, मागे गाड्या, कोणी हलेना. आता टकटक नव्हती. ताईंचं बोट सीटवर रुतलं होतं.

मी घसा साफ केला. "सुहास, ऑक्टोबरचं काय ठरलं तुमचं?"

"तेच बोलणार होतो, काका. हाफ-टर्मला राजश्रीला सगळ्या नाइट्स लागल्यात. आई आहे म्हणून आमचं मॅनेज होतंय. दसरा काय, दरवर्षी येतो. बरोबर की नाही? तुम्हीच सांगा तिला."

एवढं सोपं होतं. एक वाक्य बोलायचं होतं. तो माझ्याकडे बघत होता, इतक्या विश्वासाने.

"बरोबर आहे तुझं," मी म्हणालो.

सीटवरचं बोट निघालं. मागे ताई तनूला म्हणाल्या, "ते पाह्य, घोडा हलला."

समुद्रावर त्या उतरल्या नाहीत. गुडघा दुखतो म्हणाल्या. आम्ही वाऱ्यात उभं राहून चिप्स खाल्ले.

तो दसरा त्यांनी बेसिंगस्टोकमध्येच काढला. नोव्हेंबरपर्यंत मी मंडळाकडे फिरकलो नाही. तोंड दाखवायची लाज वाटत होती. त्या परत गेल्या आणि फेब्रुवारीत नागपूरला वारल्या.

सहलीच्या संध्याकाळी त्यांनी मला माझ्या दारात सोडलं, ती आमची शेवटची भेट. मी उतरून मागचं दार उघडलं.

"ताई, ते मी..."

"छत्री राहिली तुमची. सीटखाली पाहा."

"हो. उद्या फोन करतो."

"सकाळी करा, भाऊ. दुपारी मी तनूले आणाले शाळेत जाते."