कादंबरीचं उद्यापन

या जगात सुरू झालेली एकही गोष्ट अर्धवट राहू नये, ही जबाबदारी कुणीतरी माझ्या सासूबाईंवर सोपवली आहे आणि त्या ती जन्मभर एकट्याने पार पाडत आल्या आहेत, असं माझं प्रामाणिक मत आहे. सासरे गेल्यावर त्या नांदगावहून नाशिकला आमच्याकडे आठ दिवसांसाठी आल्या. त्याला आता बरीच वर्षं झाली. परत जायचा विषय निघाला की त्या म्हणतात, "हातातलं पुरं झालं की जाते." हातातलं पुरं होत नाही, कारण एक संपायच्या आत त्यांना शेजारपाजारी दुसरं काहीतरी अर्धं पडलेलं दिसतं. कुणी स्वेटर विणायला घेऊन गळ्यापाशी सोडला असेल, कुणी शब्दकोड्यातले उभे शब्द भरून आडवे तसेच ठेवले असतील, कुणी गहू निवडता निवडता फोनवर बोलायला उठलं असेल, तिथे सासूबाई बसलेल्या असतात. समोरचा माणूस बोलताना अडखळला तर त्याचं वाक्य त्या पुरं करतात. ते त्याच्या मनातलं असतंच असं नाही, पण वाक्य पुरं होतं. आम्ही नाशिकच्या द्वारका चौकाजवळ राहतो. नाशिकरोडला त्यांची भाची आहे. तिच्याकडे निघाल्या की त्या बसने नाशिकरोड ओलांडून थेट शेवटच्या थांब्याला, देवळाली कॅम्पला जातात आणि तिथून उलट्या बसने नाशिकरोडला येतात. देवळाली कॅम्पात आमचं कोणीही नाही. पण बस तिथपर्यंत जाते, आणि चालू गाडी मध्येच सोडून उतरणं त्यांना बरं वाटत नाही.

मला एकदा घशाचा त्रास झाला होता. बरं वाटल्यावर मी गोळ्या बंद केल्या. दोन दिवसांनी पाकीट शोधतो तर रिकामं. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "डॉक्टरांनी सांगितलं होतं ना, कोर्स पुरा करा म्हणून. तुम्ही नाय केला, मी केला." मी म्हटलं, "आई, ते मला सांगितलं होतं." त्या म्हणाल्या, "कुणाला का असंना. पाकीट तर एकच हाय." तेव्हापासून माझी बायको घरातली औषधं कुलपात ठेवते आणि किल्ली गळ्यात घालते.

व्रतवैकल्यांच्या बाबतीत तर त्यांचा आमच्या इमारतीत दबदबा आहे. चौथ्या मजल्यावरच्या मुलीने चांगला नवरा मिळावा म्हणून सोळा सोमवार धरले होते. मध्येच तिला पुण्याला नोकरी लागली आणि ती व्रत विसरून गेली. उरलेले सोमवार माझ्या सासूबाईंनी केले. सत्तरी ओलांडलेली विधवा बाई चांगल्या नवऱ्यासाठी उपास करते आहे, हे बघून देवालाही काही काळ संभ्रम पडला असणार. पण मुलीचं लग्न जमलं. सासूबाईंनी त्याचं श्रेय घेतलं नाही आणि नाकारलंही नाही. उद्यापनाला मात्र मुलीच्या आईकडून जोडपं जेवू घालून घेतलं. तसंच एका वाहिनीने एक मालिका, गोष्ट ऐन रंगात असताना, बंद केली, तेव्हा खाली बाकावर बसणाऱ्या बायका हवालदिल झाल्या होत्या. सासूबाईंनी त्यांना पुढचे सगळे भाग तोंडी सांगितले. ज्यांची लग्नं व्हायची राहिली होती त्यांची लावली, थोरल्या सुनेला वाटणी मिळवून दिली आणि खलनायकाला तुरुंगात टाकलं. बायका म्हणतात की टीव्हीवाल्यांना इतकं चांगलं जमलं नसतं.

अशा बाईंच्या घरात मी कादंबरी लिहायला घेतली होती. माझ्याच घरात, असं म्हणायला हवं, पण मला तसं म्हणवत नाही.

मी सातपूरच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. लिहायची हौस कॉलेजपासूनची, आणि न लिहिल्याची टोचणीही तितकीच जुनी. पन्नाशी जवळ आली तसं वाटलं, एक कादंबरी तरी पुरी करावी. पहिली निम्मी सुरेख झाली. मग ती जी अडकली ती अडकलीच. दोष प्रेरणेचा आहे असं मी ठरवलं आणि प्रेरणेच्या मागे लागलो. वेगळं टेबल आणलं. रोज किती शब्द झाले ते सांगणारं ॲप फोनवर घेतलं. ते रोज संध्याकाळी शून्य असं सांगायचं, म्हणून काढून टाकलं. यशस्वी लोक पहाटे काय करतात याचे इतके व्हिडिओ पाहिले की पहाट संपून जायची. एका रविवारी लॅपटॉप घेऊन गंगापूर धरणाच्या काठी जाऊन बसलो. पाणी बघितलं, बगळे बघितले, आणि पेरू घेऊन घरी आलो. पेरू चांगले निघाले. त्या दिवशी बायकोने विचारलं, "लिहिलंत काही?" मी म्हणालो, "वातावरणनिर्मिती झाली." तिने पेरू चिरून मीठ लावलं. ती रागावत नाही तेव्हा मला जास्त अपराधी वाटतं.

हे सगळं सासूबाई बघत होत्या. एके दिवशी त्यांनी मला समोर बसवलं.

"जावईबापू, ते तुमचं पुस्तक कुठवर आलं?"

"अडलंय. प्रेरणा मिळत नाही."

"म्हंजे काय मिळत नाय?"

"म्हणजे आतून लिहावंसं वाटत नाही."

"मला पन्नास वर्षं आतून भाकरी थापावीशी वाटत होती, असं वाटतं का तुम्हाला?"

मग त्यांनी मला माझी अवस्था समजावून सांगितली. मी कादंबरी लिहीन असा संकल्प सोडला होता. चार लोकांना सांगूनही झालं होतं. आता उद्यापन केल्याशिवाय त्यातून सुटका नव्हती, आणि मध्येच टाकलेलं व्रत घराला सुखाने राहू देत नाही. पुरावे त्यांच्याकडे तयार होते. गिझर बिघडला तो कादंबरी अडल्यावर. माझा गुडघा धरला तो त्याच्या पाठोपाठ. माझी बढती हुकली ती त्याआधीची होती, पण ती कादंबरी अडणार आहे म्हणून आधीच हुकली, असं त्यांचं म्हणणं. नंतर त्यांनी हा मामला बाकावर नेला. त्यामुळे लिफ्टमध्ये भेटेल ती बाई मला "झाली का?" असं विचारू लागली. विचारताना आवाज बाळंतिणीच्या चौकशीसारखा हळू असायचा. मी मान हलवायचो आणि ती म्हणायची, "होईल हो, काळजी करू नका."

मग दर रविवारी दुपारी त्या हातात भाजी निवडायला घेऊन माझ्या टेबलापाशी बसू लागल्या. "बारीक अक्षर मला दिसत नाय. वाचा." मी झालेली प्रकरणं पहिल्यापासून वाचायचो. त्या ऐकायच्या. एरवी प्रत्येकाचं वाक्य पुरं करणाऱ्या सासूबाई त्या वेळात अवाक्षर बोलायच्या नाहीत. मेथीची जुडी संपली की उठायच्या आणि दारातून म्हणायच्या, "पुढचं लिहून ठेवा."

आता कादंबरीत काय होतं ते सांगायला हवं, आणि ते सांगताना मला आजही संकोच होतो. तालुक्याच्या गावातला एक तरुण माणूस एका सकाळी हातात पातेलं घेऊन दही आणायला म्हणून घराबाहेर पडतो आणि परत येत नाही. भांडण नाही, चिठ्ठी नाही, पातेलंही नाही. मागे राहते त्याची थोरली बहीण. ही गोष्ट माझ्या डोक्यातली नव्हती. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी बायकोने एकदाच, आणि तेही दबक्या आवाजात, मला सांगितलं होतं की तिचा एक मामा असाच घरातून गेला. म्हणजे सासूबाईंचा धाकटा भाऊ. त्यांच्या माहेरी त्याचं नाव कुणी घेत नाही आणि तिनेही नंतर कधी घेतलं नाही. मी गाव बदललं, नावं बदलली, जात बदलली, बहिणीला शिक्षिका केलं. सासूबाईंना ही गोष्ट कशाला ओळखू येईल, असं मी स्वतःला समजावलं होतं. पण दर रविवारी त्यांच्यासमोर वाचताना बहिणीची पानं आली की मी भरभर वाचायचो. खरं सांगायचं तर प्रेरणा वगैरे काही हरवलेली नव्हती. तो माणूस शेवटी परत येतो की नाही, हे ठरवायचा हक्क मला आहे असं मला वाटत नव्हतं. म्हणून मी बगळे बघत बसलो होतो.

एका संध्याकाळी कामावरून येताना लिफ्टमध्ये दुसऱ्या मजल्यावरच्या काकू भेटल्या. त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला नाही. म्हणाल्या, "त्याला परत आणलंत ते फार बरं केलंत. आम्हाला रुखरुख लागली होती. सुरतेला धंदा काढला होता होय त्याने."

मी तसाच वर गेलो. सासूबाई गॅलरीत वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या.

"आई, तुम्ही खाली माझ्या कादंबरीचा शेवट सांगितलात?"

"बायका विचारत होत्या."

"पण मी त्याला अजून परत आणलेला नाही."

"मग आणा."

"ते इतकं सोपं नसतं. तो का गेला, इतकी वर्षं कुठे होता, याला काही कारण लागतं."

त्यांनी माझ्या शर्टाची घडी घातली, ती मोडली आणि पुन्हा घातली. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आणि दही आणायला नव्हता गेला तो. ताक आणायला गेला होता."

मी तिथेच उंबऱ्यावर टेकलो. विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्याच रविवारी."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर तुम्ही शरमून बंद केलं असतं. तुमचा स्वभाव म्हाईत हाय मला."

मी माफी मागायला तोंड उघडलं. माफी मागणं मला चांगलं जमतं, घरात त्याची सवय आहे. पण त्यांनी वाक्य पुरं होऊ दिलं नाही, आणि स्वतःही पुरं केलं नाही. म्हणाल्या, "ते राहू द्या. लय जणांचं लय काय काय पुरं केलं मी. हे एवढं माझ्याच्यानं होत नाय. खाली बायकांना सांगून बघितलं. सांगताना बरं वाटतं, पण वर येईस्तोवर विरून जातं. तोंडानं सांगितलेलं टिकत नाय, जावईबापू. तुम्ही लिहून टाका."

"काय लिहू? येतो म्हणून की नाही येत म्हणून?"

"ते मला इचारू नका. मला ठरवता आलं असतं तर तुमच्या मागं कशाला लागले असते?"

त्यानंतर मी लिहिलं. पहाटे उठून, कुठलाही व्हिडिओ न बघता, कामावर जायच्या आधी. टेबलापाशी कधी चहा यायचा, कधी यायचा नाही. कितवं पान झालं असं सासूबाईंनी एकदाही विचारलं नाही. बायकोला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "लिहा. पण आईला रडवू नका." आणि घाट उतरताना लागतो तसा मला वेग लागला. शेवटच्या प्रकरणात मी त्याला परत आणला. म्हातारा झालेला, एसटीतून उतरलेला, गल्ली ओळखू न आलेला. तो बहिणीच्या दारापाशी येतो, कडीकडे हात नेतो, आणि कादंबरी संपते. हा शेवट मला फार आवडला होता. आपण पुस्तकं वाचून वाया गेलो नाही असं वाटलं.

रविवारी दुपारी मी तो वाचून दाखवला. सासूबाईंच्या हातात त्या दिवशी भाजी नव्हती. वाचून झाल्यावर मी लॅपटॉप मिटायला लागलो.

"मग?" त्या म्हणाल्या.

"मग काही नाही. संपलं."

"दारातच?"

"पुढचं वाचकांवर सोडलंय."

"वाचकांचा भाऊ हाय का तो?"

मी लॅपटॉप पुन्हा उघडला.

"आत घ्या त्याला," त्या म्हणाल्या. "दारात उभा करून काय संपवताय."

मी त्यांच्यासमोर बसून टाइप करू लागलो. बहिणीने दार उघडलं. तिने पाय धुवायला पाणी दिलं. पाट मांडला. मी एकेक वाक्य मोठ्याने म्हणत होतो आणि सासूबाई समोरच्या भिंतीकडे बघत ऐकत होत्या. ताटात काय वाढू, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "भरीत करा. बाजरीच्या भाकरी. गरम वाढा." मी गरम वाढल्या. मग माझ्यातला कादंबरीकार जागा झाला. वाचकाला कळायला हवं म्हणून मी म्हटलं, "आता बहिणीने त्याला विचारायला हवं, इतकी वर्षं कुठे होतास म्हणून."

"नको," सासूबाई म्हणाल्या. "जेवू द्या."

मी ते वाक्य लिहिलंच नाही. कादंबरीतला म्हातारा खाली मान घालून जेवत राहिला आणि त्याची बहीण चुलीपुढे बसून त्याच्याकडे बघत राहिली. दुपारची उन्हं गॅलरीतून आत आली होती. आता फक्त तो हात धुतो एवढं लिहायचं राहिलं होतं, की माझ्या आयुष्यातली पहिली कादंबरी, कच्ची का होईना, पुरी होणार होती. तसं मी सासूबाईंना सांगितलंही. त्यांनी मान हलवली. मी ते वाक्य टाइप करायला बोटं उचलली तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "थांबा जरा. अजून एक भाकरी वाढा त्याला."

मी वाढली.