हबीबभाईंची दवंडी

हबीबभाईंनी एकाच दिवशी, एकाच जीपमधून, सकाळी मोर्चावर बंदी असल्याचं पुकारलं आणि दुपारी त्याच मोर्चाचं आवतण दिलं. दोन्ही वेळा गावाला सात-सात फेऱ्या. मी मोजल्या. माझं वह्या-पुस्तकांचं दुकान त्यांच्या लाउडस्पीकरच्या दुकानाला लागून होतं, आणि कापसाच्या त्या पडत्या वर्षांत गिऱ्हाइकं मोजायला फार वेळ लागत नसे. हबीबभाई आता नाहीत, पण त्यांचा खरखरीत आवाज अजून कानात आहे.

दारव्ह्याच्या रस्त्यावरचं आमचं बाजाराचं गाव. सरकारी कापूस खरेदी केंद्र बंद, कापूस भरलेल्या बैलगाड्या गावात अडकलेल्या. केंद्र उघडा म्हणून दुसऱ्या दिवशी मोर्चा होता. त्याच्या पुढारी वनमालाबाई जिभेच्या तिखट. दुकानासमोर उभ्या राहून म्हणाल्या, "काहो हबीबभाई, सकाळी आमाले बंदी न् दुपारी आमालेच आवतण? तोंड एक हाय का दोन?"

"तोंड एकच हाय बाई. सकाळी साहेब बोलले, आता तुमी बोलून राह्यल्या. म्या फक्त मोठ्यानं सांगतो."

"मंग आमचं जरा जास्त मोठ्यानं सांगा!"

"ते जमत नाही. बटन समद्याईले सारखंच."

खरंच, आवाजाचं बटन सहावर ठेवून त्यांनी त्याला चिकटपट्टी लावली होती. लग्न असो, उरूस असो, भीमजयंती असो की मंत्र्याची सभा, सहा म्हणजे सहा.

दिवस कलताना पोलीस बंदोबस्ताचे साहेब कागद घेऊन आले. कागदावर होतं : पुढाऱ्यांनी मोर्चा मागे घेतला आहे.

"बाईनं मागं घेतला?" हबीबभाईंनी विचारलं.

"तू वाच."

"साहेब, बंदी तुमची व्हती, ते सांगितलं. रद्द तर तिनं कराले पाह्यजे ना?"

"वाचत नसशील तर मशीन जप्त करतो."

मशीन एकच होतं, घरात खाणारी तोंडं सात. हबीबभाई कागद घेऊन जीपमध्ये बसले. मला वाटलं, वाकले. चौकात भोंगा घुमला : "ऐका हो! साहेब म्हणतात, मोर्चा रद्द झाला. वनमालाबाई म्हणतात, झाला नाही. दोघंबी गावातच हायेत, इचारून घ्या!"

हसू आवरेना लोकांना. दुसऱ्या गल्लीपर्यंत मशीन जप्त.

मोर्चा निघालाच. पेपरात पाच हजार आले; माझ्या मोजणीत आठशे चाळीस, तेही साध्या कपड्यातले पोलीस धरून.

हबीबभाई मग रेडिओ दुरुस्त करत बसले. मी न राहवून म्हणालो, "वाचून टाकलं असतं तर काय बिघडत होतं?"

"भाऊ, एक डाव खोटं पुकारलं, तर उद्या कोणाची मयत सांगतली तरी लोक म्हणतील, पाहून येऊ, खरंच मेला काय."

दहाव्या दिवशी सरकारी जीप ओरडत आली : केंद्र उघडलं, कापूस आणा. असं आधी दोनदा सांगून कापूस मोजायचा काटा लागलाच नव्हता. एकानंही बैल जुंपला नाही. उलट सगळे हबीबभाईंच्या दुकानासमोर गोळा झाले. "हबीबभाई, खरं हाय काय?"

"मले काय मालूम? मी का पाह्यलं?" असं म्हणत त्यांनी माझी सायकल काढली. केंद्र साडेचार किलोमीटर. जाऊन-येऊन त्यांना एक तास दहा मिनिटं लागली. घामेजलेले परत आले आणि माझ्या दुकानाच्या पायरीवर चढून नुसत्या गळ्यानं म्हणाले, "काटा लागला. म्या पाह्यला."

मागच्या गाडीवाल्यांना ऐकू जाईना. समोरच उभी असलेली सरकारी जीप तेच तर ओरडत होती! जीपमधल्या साहेबांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि शेवटी शिपायाला भोंगा बंद करायला सांगितलं.

हबीबभाईंनी पुन्हा सांगितलं. तेव्हा कुठे पहिला बैल जुंपला गेला.