स्वरूपाचा जादा तास

मी मंजुळाबाई, वय अडुसष्ट, राहणार भोसरी. गेल्या वर्षी मी साक्षरता वर्गात लिहा-वाचायला शिकले. मला शिकविणाऱ्या मुलीविषयी हे लिहीत आहे.

तिचे नाव स्वरूपा. ती आमच्या शेजारच्या खोलीत राहते. वडील वर्कशॉपमध्ये लेथ चालवितात. जन्मापासून तिचा उजवा हात वाकडा आहे आणि डावा थरथरतो. लिहिताना ती डावे मनगट टेबलाच्या कडेवर दाबून धरते.

माझी नात करिष्मा आणि ती, दोघी डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेला बसणार होत्या. पेपर तीन तासांचा. अपंगत्वाचा दाखला अर्जाला जोडला की स्वरूपाला एक तास जादा मिळणार होता. हे कळल्यापासून माझ्या पोटात दुखू लागले. माझ्या नातीचे हात धड, म्हणून तिला वेळ कमी?

करिष्माही म्हणे, "आज्जी, तिची मज्जाय राव! मला दे तो तास, टॉपच मारते बघ."

रविवारी दोघी आमच्या खोलीत सरावाचा पेपर सोडवीत. मला घड्याळ नुकतेच वाचता येऊ लागले होते, म्हणून स्वरूपाने वेळ सांगण्याचे काम मोठ्या मानाने मला दिले होते. एका रविवारी करिष्मा तीन तासांनी उठून गेली. स्वरूपा उत्तरांचे गोल काळे करीत बसली. घड्याळ तिच्या पाठीमागे होते. मी वीस मिनिटे आधीच म्हणाले, "वेळ संपली."

तिने वळूनही पाहिले नाही.

"एकतीस प्रश्न राहिले, आजी. येत होते सगळे." मग पेन ठेवून म्हणाली, "जादा तासही पुरत नसेल, तर लोकांचे टोमणे कशाला ऐकू? यंदा अर्जच भरत नाही."

अर्जाची मुदत मंगळवारी संपत होती. मला आनंद झाला. खरे तेच लिहीत आहे.

सोमवारी वर्गात उतारा लिहायचा होता. सगळ्या बाया उठल्या, माझ्या चार ओळी राहिल्या. शिपाई कुलूप घेऊन दारात उभा राहिला.

"थांबा हो काका," स्वरूपा म्हणाली, "आजींना येतंय सगळं. हात सावकाश चालतो, एवढंच."

मी पेन खाली ठेवले. "स्वरूपा, काल तुझी वीस मिनिटे मी चोरली."

"मला वाटलं, हातच कामातून गेला माझा. का पण, आजी?"

"जळले तुझ्यावर."

"ह्या हातावर जळणारं माणूस पहिल्यांदाच भेटलं!" ती म्हणाली, पण हसली नाही.

मंगळवारी तिने अर्ज भरला. पुढच्या रविवारी घड्याळ तिने स्वतःच्या समोर मांडले. वेळ मात्र मीच सांगावी, असे बजावले. करिष्मा तीन तासांनी उठली, तिचे बारा प्रश्न राहिले होते. माझ्या पोटात पुन्हा दुखले.

"झालं, आजी," बऱ्याच वेळाने स्वरूपा म्हणाली.

मी घड्याळ पाहिले. "अजून दोन मिनिटे आहेत. तपासून घे."

एवढे बोलणे मला फार जड गेले.