एकाच चौकोनातली दोन माणसं

माझी शेजारीण ओफेलिया बारिएन्तोस अकरा वर्षं आरोग्य पाहणीचे फॉर्म घेऊन टेक्सासमधल्या आमच्या वेस्लाको गावात दारोदार हिंडली. आवाज इतका मऊ, की कुत्रीसुद्धा तिच्यावर भुंकत नसत.

पहिला प्रश्न ठरलेला. एकंदर तब्येत कशी आहे? खाली स्पॅनिशमध्ये पाच उत्तरं: उत्कृष्ट, फार चांगली, चांगली, रेग्युलार, वाईट.

एका मार्चमध्ये अठ्ठ्याहत्तर वर्षांचे इलारियो शिडीवर चढून ग्रेपफ्रूट तोडत होते. वरूनच म्हणाले, "रेग्युलार, पोरी."

"शिडीवर चढलाय आणि नुसतं रेग्युलार?"

"मग? चांगली म्हणून स्वतःलाच दृष्ट लावून घेऊ?"

पुढच्या घरात चायोबाई. पाय सुजलेले, बोलताना धाप लागत होती. त्याही म्हणाल्या, "रेग्युलार गं. रडून काय होणार?"

ओफेलियाने दोघांची खूण एकाच चौकोनात केली; दुसरी करताना तिचा हात अडखळला. इंग्रजी फॉर्मवर तिथे जो शब्द होता त्याचा अर्थ जेमतेम, घसरणीला लागलेली. आमच्या स्पॅनिशमध्ये रेग्युलार म्हणजे बरं चाललंय. आणि दुखणं लपवायचं असलं, तरी तेच.

तिने फॉर्म बाजूला ठेवला आणि चायोबाईंना आपल्या गाडीतून दवाखान्यात नेलं. हृदय कमजोर झालं होतं; वेळेवर आल्या, असं डॉक्टर म्हणाले.

मग ती पाहणीच्या प्रमुखांकडे गेली. ते म्हणाले, "शब्द बदलला तर मागच्या वर्षांशी तुलना कशी करायची?"

"साहेब, मागची वर्षंच चुकीची मोजली गेली असतील तर?"

शेवटी तुलना करता यावी म्हणून त्यांनी निम्म्या घरांसाठी नवा फॉर्म छापला, बाकीच्यांना जुनाच ठेवला. त्यात रेग्युलारऐवजी 'कशीबशी चालणारी' अशा अर्थाचा शब्द होता. नव्या फॉर्मवर त्या चौथ्या चौकोनात खूपच कमी लोक आले; बहुतेकांनी सरळ 'चांगली' म्हटलं.

जुने आकडे कुणी दुरुस्त केले नाहीत. पण पुढच्या वर्षीपासून सगळीकडे नवा शब्द आला. अहवालात ओफेलियाचं नाव नव्हतं. मी चिडले, तर तीच मला म्हणाली, "असू दे गं. आता खूण करताना हात अडखळत नाही, तेवढं पुरे."