चुन्याच्या घाणीतलं गवत

गड्यांनो, आष्ट्यातल्या समद्या गवंड्यांनी वाचावं म्हणून तालमीच्या फळ्यावर लिहितोय.

आज पुलाच्या कामावर ओव्हरसियर म्हणाला, "तुमच्या आळसानं काम रखडलं. तसं कागदावर लिहिलंय, अंगठे उठवा."

आळस? लढाईपायी भट्टीला कोळसा न्हाई, म्हणून महिनाभर चुनाच आला न्हाई. आमी रोज हजर हाय!

त्याला चुना मळायच्या घाणीपाशी नेलं, बैल दगडी चाक फिरवतो तिथं. चाकाच्या चरात वीतभर गवत.

"सायेब, चाक फिरलं असतं तर हे उगवलं असतं व्हय?"

ओव्हरसियर आपल्या गड्याला म्हणाला, "उपट ते."

तवा आमचे थोरले मिस्त्री, रहिमानचाचा, चरातच मांडी ठोकून बसले. "वरचा सायेब बघंस्तवर उठत न्हाई."

आता आमी पाळीपाळीनं बसतोय. अंगठा मिळणार न्हाई.

उद्या गवत राखायला तुमच्यातलं कोण येतंय?