गवत कापायला आलेलं संकट

संस्थान विलीन झालं आणि काही वर्षांतच मी जव्हारच्या शाळेत मास्तर म्हणून लागलो. तेव्हा गावाला दोन भयांनी पछाडलं होतं. पहिलं अणुबाँबचं. मुंबईवर तो पडला तर राख थेट जव्हारपर्यंत येणार, असं माझे घरमालक छातीठोकपणे सांगत. ते संस्थानात कारकून होते. दरबार गेला तरी हुकूम सोडायची सवय गेली नव्हती. त्यांनी परसात खंदक खणून घेतला. पावसाळाभर त्यात बेडूक सुरक्षित राहिले.

दुसरं भय डोंगरातल्या लोकांचं. "राजा गेला, आता त्यांना धाक कुणाचा? एक दिवस विळे-कोयते घेऊन उतरतील," हे हॉटेलात चहाबरोबर फुकट मिळे. ते आजवर कुणाच्या अंगावर गेले होते, हे मात्र कुणाला आठवत नसे.

दिवाळीनंतर एका बाजाराच्या दिवशी कुणीतरी ओरडत आलं, "साखरशेतच्या वाटेनं टोळी येतेय! हातात विळे आहेत!" दुकानांच्या फळ्या धडाधड लागल्या. घरमालक काठी घेऊन निघाले, त्यांना आवरायला मी मागोमाग.

टोळी आली. बायका, म्हातारे, कडेवर पोरं. पुढच्या माणसानं घाम पुसत विचारलं, "शेठ कुठं हाय? गवत कापाय बोलावलंय आमाला."

शेठ तिथंच होता, गर्दीत, काठीसकट. त्यानं तोंड फिरवलं. कुणाची तरी पहिली काठी बसली आणि मग सगळ्यांनाच शौर्य चढलं.

"अहो, मजूर आहेत ते!" मी ओरडलो.

"मास्तर, बाजूला व्हा. दंगल थांबवतोय आम्ही," घरमालक म्हणाले.

शेठची चौकशी करणाऱ्याचा हात मोडला. विळा एकानंही उगारला नाही. त्याची बायको आणि मी त्याला दवाखान्यात नेलं. संध्याकाळी हॉटेलात, गाव थोडक्यात वाचलं म्हणून पेढे वाटले.

पुढे मी त्याला भेटायला साखरशेतला गेलो. हाड वाकडंच जुळलं होतं. बायकोनं मला नाचणीची भाकरी वाढली. शेजारची पोर बाजाराला निघाली होती, तिला ती बजावत होती, "जव्हारला एकटी नको जाऊ. तिथली माणसं टोळीनं मारतात." मग माझ्याकडे बघून ओशाळली. "तुमी नाय, गुरुजी."

निघताना तिनं सोबतीला भावाला धाडलं. टेकडीवरून गाव दिसू लागलं, तसा तो थांबला. "आता जावा तुमी," म्हणाला आणि झपाझप माघारी वळला.